पाच हजारांखालची चोरी

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि १८६० सालच्या दंड संहितेचे राज्य संपले. त्या सुमारास राजद्रोहाचे कलम, दहशतवादाची व्याख्या, जमावाकडून होणाऱ्या हत्या अशा मोठ्या विषयांवर पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु कायद्याची खरी मेख पुष्कळदा त्याच्या गाजलेल्या कलमांत नसते. ती शेवटच्या तक्त्यात, बारीक टायपात, कुणाचे सहसा लक्ष जात नाही अशा रकान्यात ठोकलेली असते. न्याय संहितेबरोबर आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत चोरीच्या नोंदीसमोर अशी एक मेख आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी हा तेथे अदखलपात्र गुन्हा ठरविलेला आहे. ह्या एका ओळीने गोरगरिबांच्या चीजवस्तूंवरचे पोलिसांचे संरक्षण जवळजवळ काढून घेतले आहे, असे आमचे मत आहे. आणि ते आम्ही आज पहिल्या पानावर मांडीत आहोत, कारण ज्यांचे संरक्षण गेले त्यांना ते गेल्याची वार्ताही नाही.

दखलपात्र आणि अदखलपात्र हे शब्द वर्तमानपत्रांत रोज छापले जातात. वाचकाच्या मनात त्यांचा एक सोयीस्कर अर्थ बसलेला आहे: दखलपात्र म्हणजे गंभीर आणि अदखलपात्र म्हणजे दखल घेण्याच्या लायकीचा नसलेला. आम्ही एके काळी शाळेत मुलांना समास सोडवावयास शिकवीत असू, म्हणून ह्या शब्दाशी थोडी झटापट केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. दखलेस पात्र, हे खरे. पण दखल कुणाची? तर पोलिसांची, आणि तीही त्यांनी स्वतःच्या अधिकारात घेतलेली. ज्या गुन्ह्यात पोलीस अधिकारी वॉरंटावाचून अटक करू शकतो आणि दंडाधिकाऱ्याची आज्ञा न मागता तपासास लागू शकतो, तो दखलपात्र. ज्यात ह्या दोन्ही गोष्टी त्याला आपण होऊन करता येत नाहीत, तो अदखलपात्र. अदखलपात्र गुन्हाही गुन्हाच असतो, त्यालाही शिक्षा असते; फक्त पोलिसांचे हात बांधलेले असतात. मराठी भाषांतराने मूळ कल्पनेवर किंचित अन्याय केला आहे, आणि ठाणे अंमलदार जेव्हा टेबलापलीकडून ‘हा अदखलपात्र आहे’ एवढेच सांगतो तेव्हा फिर्यादी माणूस ‘माझे गाऱ्हाणे क्षुल्लक आहे’ असे समजून खाली मान घालून परत फिरतो.

कायद्याने गुन्ह्यांची वर्गवारी एका खुंटीवर केलेली नाही. तपास कोणी आणि केव्हा करावयाचा ही एक खुंटी. खटला चालेपर्यंत आरोपीने बाहेर राहावे की कोठडीत, म्हणजे जामीन हा त्याचा हक्क की न्यायालयाची मर्जी, ही दुसरी. पक्षकारांना आपसांत तडजोड करून प्रकरण मिटविता येते की नाही ही तिसरी, आणि खटला कोणत्या न्यायालयापुढे चालावा ही चौथी. ह्या खुंट्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे, कारण आमच्या आजच्या लेखाचा सारा भर त्यावर आहे. बेदरकारपणे वाहन हाकून कुणाचा जीव घेतला तर तो गुन्हा दखलपात्र आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तरीही तो जामीनपात्र आहे. बदनामी अदखलपात्रही आहे आणि जामीनपात्रही. एखाद्याने दुसऱ्याच्या थोबाडीत मारली तर ती साधी दुखापत, अदखलपात्र. पण त्याच थपडेने दात पडला तर कायद्याच्या दृष्टीने ती जबर दुखापत होते आणि गुन्हा दखलपात्र होतो, मात्र जामीनपात्रच राहतो. उलट पाच हजारांवरची साधी चोरी दखलपात्र आहे आणि बिगरजामीनपात्र आहे, पण मालाच्या मालकाची इच्छा असेल तर ती आपसांत मिटविताही येते! निष्काळजीपणाने माणूस मारणारा हक्काने जामीन मागतो आणि सहा हजारांचा मोबाइल चोरल्याचा आरोप असलेला पोरगा न्यायालयाच्या मर्जीवर अवलंबून असतो, हे पाहून सामान्य वाचक चकित होईल. आम्हीही होतो.

अदखलपात्र गुन्ह्यांचा वर्ग मुळात असावा तरी कशासाठी? त्याला सबळ कारण आहे आणि ते नागरिकाच्या हिताचे आहे. शिवीगाळ, बाचाबाची, भावकीतली हमरीतुमरी, अब्रूचा दावा ह्या गोष्टींत पोलिसांनी आपण होऊन शिरावे, कुणालाही उचलून न्यावे, असे कोणत्याही शहाण्या समाजाला आवडणार नाही. अशा भांडणांत आधी एका न्यायाधिकाऱ्याने कागद पाहावा, तथ्य वाटले तर तपासाचा हुकूम द्यावा, हेच बरे. आणि ह्या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान असते, तिच्याकडे कायदेपंडितांचे लक्ष सहसा जात नाही: फिर्यादीला आपला प्रतिपक्षी ठाऊक असतो. कोणी शिवी दिली, कोणी थप्पड मारली, कोणी पत्रक छापले हे त्याला माहीत असते. नाव, गाव, पत्ता घेऊन तो दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकतो.

चोरीचे तसे नाही. चोर हा बहुधा अज्ञातच असतो. त्याला शोधणे हेच तर मुख्य काम, आणि ते काम राज्यसंस्थेवाचून कुणाला करता येणार? रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण फिर्यादीला कोण दाखविणार? चोरलेला मोबाइल कोणत्या मनोऱ्याच्या टप्प्यात चालू झाला हे दूरध्वनी कंपनी त्याला कशी सांगणार? चोरबाजारातल्या दुकानदाराला त्याने कोणत्या अधिकाराने जाब विचारावयाचा? म्हणून जुन्या कायद्यात चोरी, मग ती पाच रुपयांची असो की पाच लाखांची, दखलपात्र होती. ती गंभीर होती म्हणून नव्हे, तर तपासावाचून तिचा निकालच लागत नाही म्हणून.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. राज्य सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या लाडकी बहीण योजनेत पात्र स्त्रीला दरमहा १५०० रुपये देण्याचे ठरले. ही रक्कम एका कुटुंबाला आधार देण्याइतकी मोठी आहे, असे सरकारनेच त्या वेळी आवर्जून सांगितले. समजा, एका बाईने तीन हप्ते साठवून बँकेतून साडेचार हजार रुपये काढले, मुलाच्या शाळेची फी भरावयास ती निघाली, आणि मंडईच्या गर्दीत कुणी अलगद तिच्या पिशवीतून पाकीट काढून घेतले. ती ठाण्यावर जाते. नव्या कायद्याप्रमाणे अंमलदार तिची हकीकत नोंदवहीत लिहून घेईल आणि तिला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगेल. तेथे त्याचे कर्तव्य संपले. तपास करावयाचा तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम हवा. हुकूम मागावयाचा तर अर्ज हवा, अर्जाला वकील हवा, वकिलाला फी हवी, आणि रोजावर जाणाऱ्या बाईचा एक दिवस बुडावयास हवा. साडेचार हजारांसाठी हा खटाटोप कोण करील? कुणीच करणार नाही, आणि अनुसूची लिहिणाऱ्यांना हे समजत नसेल असे आम्हांस वाटत नाही.

तिने चिकाटी धरून खासगी फिर्याद करावयाचे ठरविले तर पुढे आणखी एक गंमत आहे. फिर्यादीवरून गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने आरोपीस आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, अशी नव्या प्रक्रिया संहितेची अट आहे. बदनामीसारख्या प्रकरणात ही अट समंजस आहे. परंतु मंडईतल्या गर्दीत विरून गेलेल्या पाकीटमाराला म्हणणे मांडण्याची नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवावयाची, हे आम्हांस कुणी समजावून सांगेल तर आम्ही आभारी राहू.

पाच हजारांची ही रेषा सर्व चोऱ्यांना लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. राहत्या घरातली चोरी, माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी, आगगाडीतून किंवा बसमधून उतारूची वस्तू पळविणे ह्यांसाठी वेगळे कलम आहे, तेथे सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि किमतीची अट नाही. हिसकावून नेणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे आणि तोही दखलपात्र. मग उरले काय? रस्ता, फुटपाथ, मंडई, बाग, बसथांबा. आणि तेथे ज्यांचे पोट आहे ती माणसे: भाजीवालीचा वजनकाटा, चांभाराची पेटी, नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या गवंड्याची थापी-ओळंब्याची पिशवी, फेरीवाल्याचा दिवसाचा गल्ला, हमालाचा जुना मोबाइल. ज्याला चार भिंतींचे घर आहे त्याच्या घरातले पाचशे रुपयांचे घड्याळ गेले तरी पोलिसांना धावावे लागते. ज्याचा धंदा आणि संसार उघड्यावर आहे त्याचे चार हजार नऊशे गेले तरी पोलिसांनी जागेवरून उठण्याचे कारण नाही. हे कुणी जाणूनबुजून केले असे आम्ही म्हणत नाही. पण परिणाम हाच आहे. आणखी एक विसंगती पाहा. झटका देऊन पळणारा अडाणी चोर दखलपात्र, आणि ज्याचा हात खिशात गेल्याचे कळतही नाही असा कसबी पाकीटमार अदखलपात्र. टोळीने केलेल्या किरकोळ चोऱ्यांसाठी संहितेत निराळे कडक कलम आहे खरे. पण पाकीट मारणारा एकटा होता की टोळीचा, हे तपास केल्यावाचून कळावे कसे?

किमतीचा प्रश्न तर सर्वांत बिकट. चोरीच्या मूळ व्याख्येत किमतीला स्थान नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलविली की चोरी झाली. इतकेच नव्हे, रिकाम्या खिशात हात घालणाराही प्रयत्नाचा गुन्हेगार ठरतो, हे उदाहरण जुन्या संहितेत होते आणि नव्या संहितेतही ते कायम आहे. खिसा रिकामा होता हे त्याचे दुर्दैव, निर्दोषपण नव्हे. म्हणजे कायदा हेतूकडे पाहतो, रुपयांकडे नाही. आणि खरोखरीच नगण्य अशा अपायासाठी, ज्याबद्दल सामान्य समजुतीचा माणूस तक्रारही करणार नाही अशा गोष्टींसाठी, दोन्ही संहितांत सूट देणारे वेगळे कलम आहेच. त्या कलमाची मोजपट्टी पाहा: सामान्य माणसाला तक्रार करावीशी वाटेल की नाही. ही मोजपट्टी माणसागणिक, परिस्थितीगणिक न्याय करू शकते. पाच हजारांची पट्टी तसे करू शकत नाही.

शिवाय किंमत ठरविणार कोण? तीन वर्षांपूर्वी बारा हजारांना घेतलेल्या मोबाइलची आजची किंमत किती? खरेदीची पावती धरावयाची की चोरबाजारातला भाव? संहिता ह्याबद्दल काही सांगत नाही. साहजिकच पहिला अंदाज ठाण्यातला अंमलदार करील, आणि ज्या अंदाजाने त्याचे काम वाचते तोच अंदाज त्याला बरोबर वाटेल. ह्यात त्याच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. डोक्यावर कामाचा डोंगर असलेला कुणीही माणूस तेच करील. ‘चोरीला गेला’ ह्याऐवजी ‘गहाळ झाला’ असे लिहून देण्याचा सल्ला ठाण्यांतून मिळण्याची प्रथा जुनीच आहे. तिला आता कायद्याचाच टेकू मिळाला. दुसऱ्या बाजूने फिर्यादीही शहाणे होतील आणि चार हजारांची वस्तू सहा हजारांची म्हणून सांगू लागतील. गुन्ह्याच्या पहिल्याच कागदावर खोटे लिहिण्याची सोय कायद्याने उभयपक्षी करून ठेवावी, हे काही बरे नाही.

असली रेषा आखण्याचा प्रयोग इंग्लंडने शतकानुशतके करून पाहिला. १२७५ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यापासून तेथे बारा पेन्सांची सीमा होती; तिच्यावरची चोरी मोठी आणि प्राणदंडास पात्र, खालची लहान. परिणाम असा झाला की दयाळू पंच आरोपीचा गळा वाचविण्यासाठी धडधडीत मौल्यवान वस्तूंची किंमत बारा पेन्सांच्या आत ठरवू लागले. अठराव्या शतकातला कायदेपंडित ब्लॅकस्टन ह्यानेही ह्या दयाबुद्धीच्या असत्याची नोंद घेतली आहे. अखेर १८२७ साली लहान चोरी आणि मोठी चोरी हा भेद तेथे रद्द झाला, आणि दहा वर्षांनी मेकॉलेने हिंदुस्थानसाठी दंड संहितेचा मसुदा केला तेव्हा चोरीच्या व्याख्येत त्याने किमतीला शिरू दिले नाही. इंग्लंड मात्र पुन्हा त्याच वाटेने गेले. २०१४ साली दुकानातल्या दोनशे पौंडांखालच्या चोऱ्या तेथे हलक्या वर्गात टाकण्यात आल्या. अशा चोऱ्यांकडे पोलीस पाहीनासे झाले अशी दुकानदारांची ओरड वाढत गेली, आणि २०२५ साली तेथील सरकारनेच ती मर्यादा काढून टाकण्याचे विधेयक संसदेत आणले. ज्या वाटेने ते परत फिरू लागले, त्या वाटेवर आम्ही २०२४ साली पहिले पाऊल टाकले.

सरकारची बाजू आम्ही नाकारीत नाही. पहिल्यांदाच चुकलेल्या, चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत करणाऱ्या माणसाला तुरुंगात न धाडता त्याच्याकडून समाजसेवा करवून घ्यावी, ही नव्या संहितेतली तरतूद आम्हांस मनापासून मान्य आहे. एखादा कोवळा मुलगा चार हजारांच्या वस्तूपायी कच्चा कैदी म्हणून महिनोन्‌महिने सराईत गुन्हेगारांच्या सहवासात राहिला तर तो बाहेर काय शिकून येतो, हे सांगावयास नको. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हापासून हे दुखणे देशाला ठाऊक आहे. तेव्हा लहान चोरी जामीनपात्र केली हे उत्तमच झाले.

पण शिक्षा सौम्य असणे आणि तपासच नसणे ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. जामिनाची खुंटी सैल करताना तपासाची खुंटीही उपटण्याचे कारण नव्हते. गुन्हा दखलपात्र ठेवून जामीनपात्र करता येतो. जबर दुखापतीचे आणि बेदरकार वाहनचालकाचे उदाहरण आम्ही वर दिलेच आहे. आणि मूळ हेतूच्या दृष्टीने पाहिले तरी, चोर सापडलाच नाही तर समाजसेवा कोण करणार? माल परत कोण देणार? आरोपी पहिल्यांदाच चुकला आहे की सराईत आहे, हे दोषसिद्धीच्या वेळी कळावयाचे. आणि नव्या कायद्यात दुसऱ्यांदा चोरी करणाऱ्यास किमान एक वर्षाची सक्तमजुरी सांगितलेली आहे. तपासाचा दरवाजा आरंभीच बंद केल्यावर सराईत आणि नवशिक्या ह्यांतला भेद कुणाला दिसणार?

दखलपात्र म्हटले की पोलीस सरसकट अटक करतील, ही भीतीही आज पूर्वीइतकी खरी नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली घालून दिला आहे, आणि नव्या प्रक्रिया संहितेतही नोटिशीची तरतूद आहे. तिची अंमलबजावणी कडक व्हावी. ती होत नाही म्हणून फिर्यादीचा हक्क कापणे हा उपाय नव्हे.

त्या हक्काची किंमत किती मोठी आहे ते २०१३ साली ठरले होते. ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निर्णय दिला की, खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर प्रथम माहिती अहवाल नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्याच्या पायरीवरून परत पाठविल्या जाणाऱ्या लक्षावधी माणसांना ह्या निर्णयाने एक हत्यार दिले. पण त्याची धार ‘दखलपात्र’ ह्या एका शब्दावर आहे. अनुसूचीतला तो शब्द बदलला की निर्णय जागच्या जागी राहतो आणि बाजारातल्या भाजीवालीला मात्र त्याचा उपयोग उरत नाही.

ही दुरुस्ती दिल्लीनेच करावयास हवी असे नाही. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, आणि राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. सरकारी नोकरास कर्तव्य बजावताना मारहाण करणाऱ्याची शिक्षा महाराष्ट्राने २०१८ साली अशाच रीतीने पाच वर्षांपर्यंत वाढविली होती. सरकारी नोकरासाठी जे करता आले ते नाक्यावरच्या गवंड्यासाठी का करता येऊ नये? अनुसूचीतल्या त्या ओळीत ‘अदखलपात्र’च्या जागी ‘दखलपात्र’ एवढाच शब्द हवा. ‘जामीनपात्र’ आणि समाजसेवा जशीच्या तशी राहू द्यावी. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाच्या सदस्याने हे विधेयक आणले तरी आम्ही त्याचे स्वागत करू.

तोपर्यंत नागरिकांनी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या. चोरी कोठे आणि कशी झाली ते ठाण्यात तपशिलाने सांगावे, कारण चालत्या बसमध्ये की थांब्यावर, हिसकावून की नकळत, ह्या एकेका शब्दावर कलम बदलते. एकाच घटनेत अनेक गुन्हे असले आणि त्यांतला एक जरी दखलपात्र असला तर सारे प्रकरण दखलपात्र समजावे, असे कायदाच सांगतो. ‘गहाळ’ असे लिहून देऊ नये. नोंद झाल्याची प्रत आणि क्रमांक घेतल्यावाचून उठू नये.

आणि पोलीस आयुक्तांकडे आमची एक मागणी आहे, तिला कायद्यात दुरुस्ती लागत नाही. अदखलपात्र नोंदींचा अहवाल ठाण्यांनी दर पंधरवड्यास दंडाधिकाऱ्याकडे पाठवावा, अशी तरतूद नव्या संहितेतच केलेली आहे. १ जुलै २०२४ पासून आजपर्यंत ह्या शहरातल्या ठाण्यांनी पाच हजारांखालच्या किती चोऱ्या अशा नोंदविल्या, त्यांपैकी कितींत दंडाधिकाऱ्यांनी तपासाचा हुकूम दिला आणि कितींत माल परत मिळाला, हे तीन आकडे आयुक्तांनी जाहीर करावेत. ते ज्या दिवशी हाती येतील त्या दिवशी आम्ही ते ह्याच पानावर छापू.